चैत्री पौर्णिमेचा फोटो

राष्ट्रीय उद्यानावरच्या व्याख्यानमालेचं तिसरं व्याख्यान मेढ्याजवळच्या पुनर्वसित वस्तीत होतं. उद्यानासाठी डोंगरातून उठवलेलं गाव ते हेच. वक्त्या दीक्षा कांबळे सांगलीच्या, वन्यजीव संशोधक. लॅपटॉपपाशी वनरक्षक अंकिता शेलार बसली होती. ती याच गावची. जंगलातले कॅमेरे तिनेच झाडांना बांधले होते. त्यातली मेमरी कार्डं ती न बघता सांगलीला पाठवायची.

पडद्यावर गवे आले, अस्वल आलं. बिबट्या दिसताच मागून कुणीतरी ओरडलं, "माजी शेळी ह्येनंच न्हेली बघा!" सगळे हसले.

"आता एक वेगळा प्राणी," दीक्षाताई म्हणाल्या.

दिवेलागणीचा करडा फोटो. एक माणूस, हातात पेटती दिवटी. चेहऱ्यावर काळी पट्टी.

"इथे माणसाला बंदी आहे. हा कोण, आम्हाला माहीत नाही. तरी ओळख पटू नये म्हणून चेहरा झाकलाय."

कुणी हसलं नाही. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती, चैत्री पौर्णिमेची. त्या दिवशी जुन्या गावच्या भैरोबापुढे दिवटी लावायचा मान शेलारांच्या थोरल्या घराचा, हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या घरात आता दोघंच: अंकिता आणि तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले हंबीरराव. ते दुसऱ्या रांगेत बसले होते.

शिमग्याच्या सुमारास त्यांनी विचारलं होतं, "कॅमेरं कुटं कुटं लावल्यात गं?"

"ते सांगायचं नसतं, आबा," अंकिता म्हणाली होती. त्यांनी परत विचारलं नव्हतं.

पहिल्या रांगेतले वनखात्याचे परिक्षेत्र अधिकारी मागे वळले. "अंकिता, तुमचंच गाव ना? कोण आहे हा?"

तिच्याआधी वस्तीतल्या सुलाबाई बोलल्या. "आवं सायेब, तोंड झाकल्यालं माणूस कसं वळकायचं? लगीन लावायचंय व्हय त्याचं? फुडं चला, वाघ दावा."

"व्हय, व्हय, वाघ दावा!" चार-पाच जणांनी साथ दिली.

अधिकारी हसले नाहीत. "मग तो धुळाच. म्हशी घेऊन तिकडेच फिरत असतो. उद्या उचलतो त्याला."

धुळा गवळी-धनगर. तो तिथे नव्हता, आणि त्याच्या बाजूने बोलणारंही कुणी नव्हतं. अंकिताने वडिलांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले होते. ते उभे राहण्याआधी ती बोलली.

"धुळा नाही, सर. माझे वडील आहेत."

"बापाला धरून दिलं पोरीनं," मागून कुणीतरी म्हणालं, पण हळू.

दीक्षाताईंनी लॅपटॉपवरून स्वतःच फोटो बदलला. धनेश पक्षी आला. त्याच्या ढोलीबद्दल त्या दोन वाक्यं बोलल्या आणि तिसऱ्या वाक्यात अडल्या. व्याख्यान लवकर संपलं. वाघ कुणी मागितला नाही.

दाराशी अधिकारी अंकिताला म्हणाले, "तुमच्या बीटच्या हद्दीतला गुन्हा आहे. नोंद तुम्हालाच करावी लागेल."

"हो, सर."

बापलेक घराकडे निघाले. सुलाबाईंच्या दारावरून गेले. एरवी त्या चहाला हाक मारायच्या. थोडं पुढे गेल्यावर हंबीरराव म्हणाले, "फोटूत दिवटी पेटल्याली दिसत हुती न्हवं?"

"हो, आबा."

"वारं लय हुतं तवा."

फाटक उघडताना ते थांबले.

"फुडल्या चैतापतुर तुजी बदली हुईल का गं?"