राहीचं रक्त आणि हळदीचं पाणी

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावात आकारामबुवाच्या परातीभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. परातीत पिवळं पाणी. संशयातल्या बाईनं बुवाचा अंगारा हाताला चोळायचा आणि हात बुडवायचा. पाणी पिवळं राहिलं तर बाई पवित्र, लाल झालं तर बदफैली. राहीच्या आधी हात घातलेल्या मनुबाईच्या वेळी ते पिवळंच राहिलं. माझ्या बायकोनं, राहीनं, हात घातला आणि पाणी रक्तासारखं लाल झालं.

"बघ हवालदार! पाप पान्यात उतरलं!" बुवा माझ्याकडं बघून गरजला. "देवी खोटं बोलंल व्हय?"

राही काहीतरी ओरडत होती. मी ऐकलं नाही. मी गर्दीत गिरणीवाल्या अर्जुनाचं तोंड शोधत होतो.

साल १९७४. मी फौजेतला हवालदार, सुट्टीवर आलो होतो. राहीचे दोन गर्भ पडले, म्हणून दवाखान्यानं तिचं रक्त तपासलं होतं. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी पॉझिटिव्ह. कंपाउंडर कानाशी लागून म्हणाला, "ह्यो रोग संगतीनं लागतुया." माझं रक्त फौजेत तपासलेलं, स्वच्छ. मग हिला दिला कुणी? दवाखान्यात तिला सायकलवरून अर्जुना न्यायचा. झालं, माझं ठरलं. तो तिला 'वैनी' म्हणाला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. परातीच्या आदल्या दिवशी मीच हा संशय बुवाच्या कानात घातला होता.

राहीला ताप होता, सांधे सुजले होते, नाकावरून दोन्ही गालांवर लाल पट्टा उमटला होता. मला तो पापाचा डाग वाटला. फारकतीसाठी मोठ्या डॉक्टरचा कागद हवा, म्हणून तिला मिरजेला नेलं. औषधासाठी नव्हे. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, पुन्हा रक्त काढलं. काही दिवसांनी मला बोलावलं.

"हिला गरमी नाही."

"बाई, कागूद हाय की!"

"त्या तपासणीत जंतू दिसत नाही, रक्तातली एक खूण दिसते. तीच खूण ल्युपस नावाच्या आजारातही निघते. म्हणून गरमीची दुसरी, नेमकी तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. गालावरचा पट्टा, सांधे, लघवीतून जाणारं प्रथिन, रक्तात सापडलेल्या ल्युपसच्या पेशी, हे सगळं एकत्र वाचायचं असतं. हिच्या शरीराचं सैन्य आपल्याच माणसांवर गोळ्या झाडतंय. हा आजार कुणाकडून लागत नाही. गर्भही त्यानंच पडले असावेत."

तरी मी हट्टानं म्हणालो, "पानी लाल झालं त्ये? समद्या गावानं बघितलं!"

खाटेवरची राही उठून बसली. "आवं, हळदीचं पानी हुतं त्ये. अंगाऱ्यात चुना हुता, बोटं चुरचुरली माजी. मनुबाईला दुसऱ्या बटव्यातला दिला. हळदीला चुना लागला की लाल हुतंय, कंच्याबी बाईला इचारा. मी तवाच वरडले."

बाईंनी स्वयंपाकघरातून हळद मागवून वाटीत कालवली. "तंबाखू खाता ना? चुन्याची डबी काढा." मी चुन्याचं बोट बुडवलं. पाणी लालभडक.

"आता सांगा, हवालदार, तुम्ही कुठल्या बाईकडं जाता?"

मी बोट पुसलं. बाई हसल्या नाहीत. "मूत्रपिंडाला सूज आहे. आणखी दोन महिने परातीभोवती घालवले असते, तर ही हाताला लागली नसती."

गोळ्यांनी राही सावरली. गावात मी चारचौघांत बुवाचाच हात त्याच्या चुन्याच्या बटव्यात घालून परातीत बुडवला. पाणी लाल झालं तशी पब्लिक हसली आणि बुवा परात टाकून पळाला.

पण राही घरी आली नाही. आटपाडीला माहेरी निघताना म्हणाली, "माजा रोग रगतात घावला. तुमचा कशात घावायचा?"

बाबांनो, बुवाचा चुना साधा होता. तो मला दिसला नाही, कारण मला राहीला दोषी ठरवायचंच होतं. एका कागदावर माणूस तोलू नका. जाणत्याला विचारा, दुसऱ्यांदा तपासा. आणि संशयानं डोकं पेटलं असेल, तेव्हा देवाचा कौल लावायला तर मुळीच जाऊ नका.