तेलाचं दुकान कशापायी

शिंगणापुरात शनीच्या चौथऱ्याजवळ रंगनाथचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान होतं. पावसाळ्यात त्याची बायको छबू गेली. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं तरी त्याला नकोसं होई. पाडव्याला दुकान चुलतभावाला, आसारामला देऊन टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

नगरला मामाकडे राहून कॉमर्स शिकणारी त्याची लेक मालन दिवाळीच्या सुट्टीत घरी आली.

"आबा, सरांनी सांगितलंय, एखाद्या धंद्याचा हेतू काय नि उद्दिष्टं काय, मालकाला विचारून लिहा."

"दोन्ही एकच की."

"न्हाई. हेतू म्हंजे धंदा कशापायी काढला. उद्दिष्टं म्हंजे त्यापायी यंदा काय करायचं."

"यंदा आसारामच्या गळ्यात घालायचं. लिही."

मालन हसली नाही. "काढला कशापायी?"

"पोटापायी."

"ते समद्यांचंच असतं. सर मार्क द्यायचे न्हाईत."

तेवढ्यात एक बाई आली. एकटीच होती, नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या काळी बायकांना चौथऱ्यावर चढता येत नसे. म्हणून एकट्या बाईचं तेल रंगनाथ अंघोळ करून, ओल्या पंच्यानं वर जाऊन ओतायचा. ही रीत छबूनं पाडलेली.

"मी आता वर जात न्हाई, बाई," तो म्हणाला. "घरच्या बाईसाठी दर शनिवारी तेल वतलं. ती गेली. तुमच्या मालकासाठी कोनत्या तोंडानं मागू?"

"तुमी मागू नका, भाऊ. नुसतं वता. मागायचं ते मी हितून मागते."

तो विहिरीवर गेला, डोक्यावर पाणी घेतलं, चौथऱ्यावर चढला. तेल ओतून वळला तर खाली बाई हात जोडून उभी, ओठ हलत होते. आजारपणात छबूही तिथंच उभी राहायची. ती काय मागते, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःला बरं वाटावं म्हणूनच मागत असणार, असं तो धरून चालला होता.

बाई गेल्यावर तो मालनजवळ येऊन बसला.

"तुझी आई काय मागायची गं तिथं?"

"मला न्हाई कधी सांगितलं."

"आसारामला न्हाई म्हनून सांगतो," तो म्हणाला. "एकट्या बाया मागायला येत्यात तवर तेल मीच वतीन. पन दुकान कशापायी काढलं, ते तुझ्या आईला ठावं हुतं. मी नुसता तेल वर न्यायचो."

मालननं पेन खाली ठेवलं आणि त्याच्यासाठी कोरडं धोतर आणायला उठली.