चौदाव्या झाडाचा वारस

सल्मेला भांडणाची हौस नव्हती, पण कुणी "आता काही होणार नाही" म्हटलं की तिच्या अंगात यायचं. एकतीस वर्षं तिनं पालुमेत्सा गावात सायकलवरून टपाल वाटलं. मग कागदी पत्रंच आटली, एस्तोनियातल्या झाडून साऱ्या कचेऱ्या संगणकात जाऊन बसल्या आणि सायकल भिंतीवर टांगली गेली. दुसरी कुणी नशिबाला बोल लावत बसली असती. सल्मे वाचनालयात जाऊन बसली आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ओळखपत्राचं कार्ड यंत्रात कसं घालायचं ते शिकवू लागली. "पहिला पिन म्हणजे 'मी मीच आहे'. दुसरा पिन म्हणजे 'हे मला मान्य आहे', ती तुमची सही. दुसरा टाकण्याआधी वाचा, नाहीतर राहतं घर दुसऱ्याला देऊन मोकळे व्हाल," असं ती दरडावून सांगायची.

सरकारच्या या नव्या कारभारावर गावात तिच्याइतका विश्वास कुणाचा नव्हता. म्हणूनच एप्रिलमधल्या त्या मंगळवारी तिच्या संगणकावरच्या सरकारी पेटीत आलेलं उत्तर वाचून तिचं डोकं फिरलं.

गावामागच्या माळावर पवनचक्क्या येणार होत्या. त्यांची लांबलचक पाती न्यायला जंगलातला रस्ता रुंद करायचा होता, आणि रस्त्याच्या वळणावर चौदा जुने पाइन उभे होते. प्रत्येकाच्या खोडावर एक क्रूस. गावात माणूस गेला की शवपेटी त्या वळणावर थांबते आणि घरचा एक जण सालीत क्रूस कोरतो. गेलेल्या माणसाला घराची ओढ लागून तो माघारी निघालाच, तर त्या झाडापाशी थांबतो, तिथून पुढे येत नाही. कुणाचं झाड कोणतं, हे घराबाहेर बोलायचं नाही. नाव कोरायचं नाही, बोटसुद्धा दाखवायचं नाही.

सल्मेनं हरकत नोंदवली होती. उत्तर असं होतं: 'सदर झाडांची कोणत्याही नोंदवहीत नोंद नाही. प्रत्येक झाडासाठी मृताच्या सर्वांत जवळच्या वारसानं शुक्रवारी दुपारी चारपर्यंत डिजिटल सहीनिशी अर्ज करावा. अर्ज न आलेली झाडं तोडण्यात येतील.' खाली सही राइगोची, म्हणजे तिच्या सख्ख्या भाच्याची. तालुक्याच्या कचेरीत योजनांचं काम तोच बघायचा.

तिनं तडक फोन लावला. "हे पत्र तू धाडलंस?"

"आत्या, ती उत्तरं यंत्रणेतून आपोआप जातात."

"आणि सही? दुसरा पिनही यंत्रणेनंच टाकला वाटतं?"

राइगोनं घसा साफ केला. "अगं, पवनचक्क्यांच्या बाजूनं पहिली सही तुझीच होती. पूर्वेकडची, रशियाची वीज तोडली त्या दिवशी गावभर केक कुणी वाटला?"

"मी वाटला. पुन्हा वाटीन. पवनचक्क्या हव्यातच मला. रस्ता पलीकडून, दलदलीच्या कडेनं न्या."

"तिकडे बेडूक आहेत. दुर्मीळ. त्यांची रीतसर नोंद आहे."

"बेडकांची आहे, आणि आपल्या माणसांची नाही?"

"नियम मी केलेले नाहीत, आत्या. शुक्रवारपर्यंत चौदा घरं तोंड उघडणार आहेत का? सोड ना. आता काही होणार नाही."

सल्मेनं फोन ठेवला आणि भिंतीची सायकल खाली काढली. टपालाच्या जुन्या पिशवीत तिनं लॅपटॉप घातला, कार्ड वाचायचं यंत्र घातलं, राय धान्याच्या काळ्या पावाचे चार तुकडे घातले. चाकांत हवा भरताना ती राइगोच्या नावानं बडबडत होती.

पहिलं घर हेइनोचं. तो बर्चच्या खोडाला नळी लावून रस काढत बसला होता. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं मान हलवली. "नाही सांगायचं म्हणजे नाही, सल्मे. माझ्या बापानं सांगितलं नाही, मी सांगणार नाही."

"मला नकोच सांगूस. कचेरीनं नकाशावर दिलेला झाडाचा क्रमांक तू टाक, मी पाठ फिरवून बसते."

"आणि कचेरीतली पोरं? ती वाचतील की."

"वाचू देत! तुझी माहिती कोण उघडून बघतं ते तुला घरबसल्या दिसतं. उगाच कुणी डोकावलं तर त्याचं नाव मला सांग. जाऊन कान पिळते त्याचा."

हेइनो तरीही मान हलवत नळीकडे वळला. तेव्हा मात्र सल्मेचा तोल सुटला. "तुझी बायको जन्मभर तुझ्यापुढे गप्प राहिली. आता त्या करवतीपुढेही तिनं गप्पच राहायचं का रे?"

म्हातारा उठला, हात पुसून आला आणि त्यानं कार्ड मागितलं. पिन दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा चुकला असता तर कार्ड बंदच पडलं असतं, म्हणून सल्मेनं पाठमोरी असतानाच त्याला सज्जड दम भरला. तिसऱ्यांदा बरोबर आला.

पुढचे दोन दिवस ती दारोदार फिरली. कुणी रडलं, कुणी कॉफी पाजली, एकीनं तर कुत्रा सोडला. पण टपालवालीला कुत्र्याचं काय कौतुक! गुरुवारी संध्याकाळपर्यंत तेरा अर्ज झाले.

चौदावं झाड तिच्या भावाचं, उनोचं. त्याचा क्रूस तिनं स्वतः कोरला होता. ते पुरुषाचं काम म्हणून गावानं नाकं मुरडली होती, पण उनोचा मुलगा सहा वर्षांचा, आणि आईनं त्याला थंडीत गाडीतून उतरू दिलं नव्हतं. पुढे आई त्याला घेऊन राजधानीत, तालिनला गेली. सल्मेनं अर्ज भरला, पिन टाकला, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'सर्वांत जवळचा वारस: मुलगा, राइगो. आपला अर्ज स्वीकारता येत नाही.'

मग तिनं नवा अर्ज उघडला. जागेची पाहणी करा, अशी मागणी कुठलाही नागरिक करू शकतो आणि अधिकाऱ्याला यावंच लागतं, हे तिनंच अर्ध्या गावाला शिकवलं होतं.

शुक्रवारी तीन वाजता राइगो विजेवरच्या गाडीतून वळणावर उतरला. चौदाही खोडांवर तोडणीची खूण म्हणून लाल रंगाचे ठिपके होते. त्याच्याच कचेरीनं मारलेले.

"तेरा अर्ज आले, आत्या. मानलं तुला," तो म्हणाला. "एक झाड बेवारस निघालं. एका झाडाची जागा पुरेल आम्हाला, उरलेलं वळण झाडांच्या मागच्या बाजूनं बसवू."

सल्मेनं बोटसुद्धा दाखवलं नाही. चालत गेली आणि एका झाडाला पाठ टेकून उभी राहिली. तिच्या खांद्याशेजारी क्रूस होता आणि लाल रंग नेमका त्याच्यावर फासलेला होता.

राइगोचा चेहरा उतरला. तो जवळ आला, अंगठ्यानं रंग पुसायला गेला, पण रंग वाळला होता. "बाबा?" एवढंच म्हणाला. मग, "मला माहीत नव्हतं."

"कसं असेल? नोंद नव्हती ना."

"माझ्याच योजनेविरुद्ध अर्ज करू? कचेरीत तोंड कसं दाखवू?"

"मग नको करूस. मी इथेच उभी आहे. चारपर्यंत उभी राहीन, चारनंतरही. यंत्र आणाल तेव्हा माझी नोंद आधी शोधा, मी चांगली जिवंत आहे!" तिनं पाठ खोडाला आणखी घट्ट टेकवली.

राइगोनं फोन काढला. क्रमांक, जागा, नातं, एकेक रकाना भरला. दुसरा पिन मागितला गेला तसा तो थांबला.

"वाचलंस का?" सल्मेनं विचारलं.

"वाचलं."

"मग टाक."

तीन एक्केचाळीसला अर्ज दाखल झाला. सल्मेनं टपालाच्या पिशवीतून एक जुनी कोरणी काढली. "हे तुझं काम होतं, मी केलं. आता रंग तू काढ. सालीपुरताच, खोल नको जाऊस."

तो गुडघ्यांवर बसला. लाल भुगा त्याच्या बाह्यांवर पडत राहिला आणि क्रूस हळूहळू मोकळा झाला. मग कुणी न सांगता तो उठला आणि शेजारच्या झाडापाशी गेला.

"आत्या, हे कुणाचं?"

"तुला काय करायचंय?" सल्मे म्हणाली. "खरवड."