कॅमेऱ्याची खोट

शनिवारी दुपारी अश्विनी पणजीहून इब्रामपूरला घरी पोचली, तेव्हा बाबा ओसरीवर बसून फोनवर कॅमेऱ्याची खोट सांगत होते.

"देवेशा, आधीच सांगतंय, मागीर माका बोल लावू नको. लेन्स एकदम बरी आसा. कॅमेरो पण बरो. फक्त फोकस जुळलो काय तो पिप-पिप करी, ता आता करना नाय. दोन वर्सां झाली. बाकी काय नाय. फाल्यां आयतार, धा वाजता येवन घेवन जा."

अश्विनीने पिशवी खाली ठेवली. "बाबा, खरांच देतल्यात?"

"पक्षीच ऱ्हवले नाय, तर कॅमेरो काय देवाऱ्यात ठेवन धूप दाखवू?"

बाबांनी, म्हणजे यशवंतांनी, डिचोलीकडच्या एका खाणीवर बावीस वर्षं टिप्पर चालवला होता. खाण बंद झाल्यावर ते घरी आले आणि वर्षभरात कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेतली. 'टिप्पर सोडून तोफ घेतली' म्हणून गाव हसलं. पण त्यांच्या वहीत आता एकशे बेचाळीस जातींचे पक्षी होते, तारीख आणि जागेसकट. आजूबाजूला फोटो काढणारी पोरं त्यांच्याकडे शिकायला येत. देवेश त्यांतलाच एक.

त्या एकशे बेचाळिसांत बाबांचा जीव एकीवर होता. तिबोटी खंड्या. चिमणीएवढा जीव, पोट नारिंगी, पाठ जांभळी-निळी, चोच लालभडक. पावसाळ्यात तो व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. बाबा त्याला नुसतं 'तिबोटी' म्हणत, आणि घरातल्या लेकीसारखं स्त्रीलिंगीच बोलत. इतकी रंगीत असूनही ती सहज दिसत नाही. एका जागी थांबत नाही. आधी तिची बारीक, धारदार शीळ ऐकू येते, मग त्या दिशेला लेन्स वळवायची. बाबा पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत: आधी कान, मग डोळो, मग बोट.

गेल्या पावसाळ्यात आणि या पावसाळ्यात वहीत तिच्या नावापुढे रोज एकच शब्द होता. नाही. नाही. नाही.

"पक्षी गेले म्हणान दोन वर्सां तोंड पाडून बसले हत," आई, म्हणजे शांता, स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी म्हायेराक गेलंय तर इतक्या वायट वाटणा नाय तेंका!"

"तू परत येतस," बाबा म्हणाले.

अश्विनी हसली आणि देवेशला द्यायचा म्हणून कॅमेरा पुसायला घेतला. काचेवरची बुरशी तपासली, बॅटरी घातली. सहज अंगणातल्या तुळशीवर लेन्स धरली आणि बटण अर्धं दाबलं.

पिप-पिप.

तिने बाबांकडे पाहिलं. ते हातभर अंतरावर बसून कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होते. तिने पुन्हा बटण दाबलं. पिप-पिप. उंबऱ्यावर झोपलेल्या मांजराचा कान हलला. बाबांनी मान वर केली नाही.

अश्विनी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि पणजीच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, ही तिची सवय. ती बाबांच्या पाठीमागे उभी राहिली आणि फोनवर वेगवेगळ्या पट्टीचे आवाज काढणारं ॲप उघडलं. पाचशे हर्ट्झ.

"काय वाजयतस गो?"

दोन हजार.

"बंद कर ता."

चार हजार. बाबा पट्टा गुंडाळत राहिले. सहा हजार. बाबा शांत. आतून मात्र भांडं आपटल्याचा आवाज आला. "कान फुटले माझे! काय लावलास ता?"

तिने फोन खिशात टाकला. कॅमेरा ठीक होता. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू, गुरांचं हंबरणं, माणसांचं बोलणं, सगळं बाबांना ऐकू येत होतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टिप्परच्या बावीस वर्षांच्या घरघराटाने आणि त्यात भर घातलेल्या वयाने वरचे, बारीक आवाज तेवढे पुसले होते. आणि तिबोटीची शीळ त्या बारीक आवाजांतही वरची.

पण बाबांना शीळ ऐकू येत नाही, यावरून तिबोटी अजून आहे हे सिद्ध होत नव्हतं. आधीच सांगितलं आणि ती खरंच गेलेली निघाली तर? बाबांचे कानही गेले आणि तीही गेली, असं व्हायचं.

अश्विनी स्वयंपाकघरात गेली. "आई, व्हाळार बारीक शीळ ऐकाक येता कधी? सुई टोचल्यासारखी?"

"रोज येता. पातोळ्यांसाठी हळदीची पानां काढूक जातंय तेवा. कित्या?"

"मगे बाबांक कित्याक सांगूक नाय?"

"तेंका काय सांगू? माका वाटला, किडो असतलो!"

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता. "कॅमेरो देवच्या आधी एकदा व्हाळार जावया," अश्विनी म्हणाली. बाबा कुरकुरत निघाले. हळदीच्या पानांसाठी टोपली घेऊन आईही आली.

"तू बोललंस तर एक पक्षी येवचो नाय," बाबांनी तिला बजावलं.

"तशेय येणत नाय म्हणतात मां तुमी? मगे बोलान्‌ काय बिघाडतला?"

बिळं असायची त्या दरडीपासून बऱ्याच लांब, नेहमीच्या दगडावर बाबा बसले. अश्विनीने आईच्या कानात सांगितलं, शीळ आली की बोलू नको, बाबांचा खांदा त्या बाजूला दाब.

अर्धा तास गेला. पाण्यावरून केशरी असं काहीतरी सरकलं, आणि त्याच्या आधी एक बारीक, धारदार आवाज. आईने बाबांचा डावा खांदा दाबला.

बाबांनी दचकून लेन्स डावीकडे वळवली. पाण्यावर वाकलेल्या जांभळीच्या मुळावर ती बसली होती.

ते कितीतरी वेळ हलले नाहीत. बटणावरचं बोटही नाही. मग हळूच म्हणाले, "चोच उघडता."

त्यांनी लेन्स तिच्या गळ्यावर आणली.

"गळो हलता तिचो. अश्विनी, वरडता काय गो ती?"

"होय, बाबा."

"आता पण?"

"आता पण."

बाबांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. अश्विनीने त्यांना अर्ध्या दाबलेल्या बटणाबद्दल सांगितलं, फोनवरच्या आवाजांबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर मुळावर होती.

"म्हणजे ती गेलीच नाय."

"नाय."

"माका वाटला... डोंगर पोखरून माती वाहून नेलली, ती आमीच. टिप्पर मीच चालयलंय. मी म्हटलंय, आमीच हिका घालयली. रोज वहीत 'नाही' लिवताना ताच मनात येय." त्यांनी आपल्या कानाला हात लावला, जणू तो तिथे आहे हे पहिल्यांदाच कळलं. "फक्त कानच गेले? मगे बरां आसा."

"बरां कसला!" आई म्हणाली. "सोमवारी डॉक्टराकडे जावचा." पण तिचा हात त्यांच्या खांद्यावरून निघाला नाही. थोड्या वेळाने तिने तो उजवीकडे दाबला, आणि या वेळी बाबांनी फोटो काढला.

दहा वाजता देवेश आला, तेव्हा बाबा ओसरीवर वही घेऊन बसले होते.

"काका, ती पिप-पिप मी दुरुस्त करून घेईन," तो म्हणाला.

"कॅमेऱ्याक खोट नाय रे. म्हणान देणा नाय. रागावलंस?"

"नाय. पण खोट होती ना?"

"होती. माझी होती. बस, च्या पी. पाव आसा."

आईने चहा ठेवला आणि बजावलं, "उद्यापासून सकाळी व्हाळार मी येतलंय. पण च्या तुमी करूचो."

बाबांनी वहीत तारीख घातली. तिबोटी, एक. मग पट्टी घेऊन पानावर एक नवी उभी रेघ मारली, आणि दोन रकाने केले. डावीकडे लिहिलं, ऐकली: शांता. उजवीकडे, बघितली: यशवंत.