बिनपेराचा बांबू

दिवेलागणीला सिंदेवाहीजवळच्या त्या गावातली सगळी माणसं तळ्याच्या पाळीवर लोटली होती. भोवती पडदा लावलेल्या लोखंडी पत्र्याच्या ओट्यावर तीन पुरुष उंच, पांढरीशुभ्र काठी उभी होती आणि तिच्या बुडाशी उजेडबाबा बसले होते. बाबांनी लांब 'ओऽऽम' म्हटलं की भक्ताच्या हातातली ट्यूबलाइट वायरशिवाय पेटायची. ओम थांबला की विझायची.

पण वारलूला भुलवलं ते ट्यूबने नव्हे. मासे धरायच्या टोपल्या विणण्यात त्याची हयात गेलेली. त्याच्याइतका बांबू गावात कुणालाच कळत नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी काठीवर बुडापासून शेंड्यापर्यंत नजर फिरवली आणि त्याच्या अंगावर काटा आला. एकही पेर नाही.

"बिनपेराचा बांबू," तो घरोघर सांगत सुटला. "जंगलात असा उगवतच नाई. वरूनच आला असंल."

आता खुद्द वारलूच म्हणतो म्हटल्यावर गावाला दुसरा पुरावा कशाला हवा?

काठीच्या बुडाला पितळी कडं होतं. बाबा ओम म्हणत असताना त्याला बोट लावलं की चटका बसे, फोड येई.

"रोग जळून बाहेर निघून राह्यला," बाबा सांगत. "गोळीनं रोग झोपते, माह्या काठीनं मरते."

वारलूच्या लेकीला, जयाला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. पोळ्यापासून तिच्या गोळ्या बंद होत्या, बोटांवर फोड होते आणि सांधे पुन्हा ठणकू लागले होते. रोग जाताना त्रास देतोच, हेही बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्या बाजूंनी कुंपण पक्कं होतं.

त्या संध्याकाळी वारलूसोबत जया होती, आणि त्याची भाची रंजीताही होती. मुंबईच्या गोदीत कामाला, सुटीवर आलेली. काठी बघताच तिला हसू फुटलं.

"मामाजी, असे बांबू आम्ही जहाजाच्या टपावर उभे करतो."

"देवाचे?"

"वायरलेसचे. अँटेना हाये थे. वरून फायबर, आत तांब्याची तार."

"चूप बस. महाराज आयकून राह्यले."

महाराजांनी ओमसाठी श्वास घेतला, तेवढ्यात धुपाने त्यांना सणसणीत शिंक आली. ट्यूब लख्खकन पेटली. दुसरी शिंक आली, पुन्हा उजेड. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"देव शिंकेलेही पावते काय?" असं म्हणत रंजीता सरळ ओट्यावर चढली. बाबांच्या माळांतून तिने बोटभर माइक ओढून काढला आणि मुठीत बंद केला.

"भस्म होशील," बाबा गरजले. ट्यूब ढिम्म.

मग तिने माइक तोंडाशी धरला. "वांगे. टमाटे. सुकट." शब्दागणिक ट्यूब पेटली. लोक हसून बेजार झाले. तिने ओट्याचा पडदा वर केला, तर खाली वायरलेसचा सेट आणि ट्रकची बॅटरी.

"बोललं का हा डबा काठीतून लहरी सोडते. त्या लहरीनं ट्यूब पेटते. जहाजावर आम्ही असंच तपासतो, पण तवा काठीजवळ कोणाले फिरकू देत नाई. हात लागला तर भाजते. मामाजी, रोग नाई जळला. जयाची बोटं जळली."

तोवर बाबा अनवाणीच पाळीवरून उतरत होते. पोलीस पाटील श्रीहरीने त्यांचा दंड धरला.

रंजीता लोकांकडे वळली. "नवल पाहा, टाळ्याही वाजवा. पण थे कसं झालं हे इचारा. अन् कोणी काही म्हटलं तरी लेकराची गोळी बंद करू नका."

वारलूने जयाची बोटं हातात घेतली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळ्या त्याने स्वतःच्या हाताने तळ्यात फेकल्या होत्या.

"दवाखाना उघडा असंल काय?" त्याने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत पोरीला पाठीवर घेतलं.