करंगळीचा आकडा

स्टॅनी, तू फक्त ऐक. मधे बोललास ना, तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही.

आमची द्वारकाकाकी आठवते ना, सांडोरची, केळीच्या वाडीवाली? कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीचा एप्रिल होता. वारा बंद, वाडीतली माती भाकरीसारखी तापलेली. गंगारामकाकाला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं आणि सहाव्या दिवशी नुसता फोन आला. तोंडसुद्धा कोणी बघितलं नाही. मग काकीला ताप. तिचा मुलगा मयूर फुलपाड्याला, बायकोपोरासकट आजारी, घरात बंद. मला आधीच होऊन गेलेला, म्हणून काकीजवळ मी.

आशावाली उन्नतीताई ऑक्सिमीटर घेऊन आली. आम्ही त्याला चिमटाच म्हणायचो. काकीच्या बोटाला लावला तर आकडा पंच्याऐंशी. उन्नतीताईनं आधी बोटं बघितली.

"मावशी, ही बोटं आहेत की कोळसा?"

"जलमभर केळी कापल्या, मेंदी कधी लावू?"

केळीचा चीक रे. सुकला की काळा पडतो, नखांत शिरतो. आणि डाव्या करंगळीला कोयता लागलेला, तिच्यावर पट्टी. उन्नतीताईनं एक बोट रॉकेलनं घासलं, साबण लावला, कोमट पाण्यात धरलं. मग चिमटा लावून, हात न हलवता, मिनिटभर थांबली. शहाण्णव.

"उजेड बोटातून आरपार जायला हवा," ती मला म्हणाली. "आणि भावेश, खालचा ठोक्यांचा आकडा मनगटाच्या नाडीशी जुळला, तरच वरच्यावर विश्वास ठेव."

तीन दिवस बरे गेले. रोज तेच बोट, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. चौथ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेलो, तर काकी खाटेवर बसलेली, खांदे वरखाली होतायत, आणि सगळी बोटं काळी. अजून चिकट. चिमटा लावला, अठ्ठ्याहत्तर.

"चीक हाय रे," ती म्हणाली. "मयूरला सांग, चिकाचं हाय."

अरे पण दोन दिवस ती मोरीपलीकडे गेली नव्हती. मी मोरीच्या मागे जाऊन बघितलं. तिथल्या केळीवर कोयत्याचा ताजा घाव, चीक अजून गळतोय. चिखलात कोयता. आणि खाली गुडघ्यांच्या खुणा, थेट दारापर्यंत. रांगत आली होती रे ती.

"काकी, हे काय केलंस?"

"मना दवाखान्यात नाय जायचं." मधे श्वास. "तुझ्या काकाला शेवटी पानी तरी कोनी दिलं का... मना ठाव नाय. मी हितंच बरी. तू बोटं बघ. आकडा नको बघू."

मी चीक म्हटलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं. उन्नतीताईनंसुद्धा.

मी करंगळीची पट्टी सोडली. खाली बोट पांढरं, स्वच्छ. काकीनं हात ओढला, पण ओढायला जोरच नव्हता. चिमटा लावला, मिनिट थांबलो, नाडी मोजली. मनगटात एकशे अठरा. चिमट्यात एकशे अठरा. आणि वर, एक्क्याऐंशी.

तेवढ्यात फोन.

"भाव्या, किती आहे?" मयूर.

काकी माझ्याकडे बघत होती. तिनं करंगळी फक्त मुठीत मिटून घेतली.

"एक्क्याऐंशी," मी म्हटलं. "स्वच्छ बोटावर."

दुपारपर्यंत बेड मिळाला. गाडीत चढवताना तिनं माझी बाही धरली. शेवटी त्या पीपीई किटवाल्या पोरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. चौथ्या दिवशी फोन आला.

मयूर म्हणतो, तू बरोबर केलंस. म्हणतो आणि दुसरीकडे बघतो.

केळीचा चीक कपड्यावरून जात नाही रे. तो शर्ट आहे अजून कपाटात, बाहीवर पाच बोटं. आता बोल. फोन तुझ्या हातात असता आणि ती तशी मूठ मिटून बघत असती, तर स्टॅनी, तू काय आकडा सांगितला असतास?