मंगळवारचा लाकडी चमचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. हातभर लांब, मेपलच्या लाकडाचा. माझ्या दांड्याला बोटभर चीर आहे आणि तिच्यात शिजलेल्या घेवड्याचा रंग कायमचा मुरला आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, नदीच्या पूर्वेला एका चर्चच्या तळघरात ओट्याखालचा एक खण आहे, त्यात मी राहतो. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या, रबरबँड आणि कुणाच्या तरी गाडीची किल्ली असते. माझी काही तक्रार नाही. माझी हकिगत सांगतो, पण तिच्यात कौतुक थोडं आणि कबुली जास्त आहे.

मला वर्लिन कोम्ब्स नावाच्या माणसानं घडवलं. काचेच्या कारखान्यात त्याची सारी हयात भट्टीसमोर गेली होती. घरी बसल्यावर हात शिवशिवू लागले म्हणून त्यानं वादळात पडलेल्या झाडाची फांदी आणली आणि चाकूनं मला कोरलं. आठ दिवस तेल पाजलं. मुलीच्या, म्हणजे वांडाच्या लग्नात त्यानं मला तिच्या हातात दिलं. म्हणाला, "भांडी फुटतील, नवरा जाईल, हा राहील." तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या.

वांडाकडे मी सकाळी लापशी ढवळत असे आणि संध्याकाळी घेवडा. अधूनमधून पोरांना बसतही असे. त्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. "चमचा काढू का?" एवढं म्हटलं की घर चिडीचूप होई. वांडा वाईट बाई नव्हती. दोन ठिकाणची कामं करून ती घरी येई, रागाच्या भरात हाताला लागेल ते उचली, आणि मी नेहमीच हाताशी असे. मला चीर पडली ती थोरल्या मुलाच्या मांडीवर. धाकटी शार्लीन तेव्हा दाराआडून बघत होती. मला लागलं का, हे कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्या दिवशी लागलं होतं ते दुसऱ्यालाच.

वांडा गेल्यावर मी शार्लीनच्या घरी आलो. शार्लीन एका धुलाईखान्यात कपड्यांच्या घड्या घालायची. तिला सहा वर्षांचा मुलगा होता, कोल्बी. शार्लीननं लहानपणी शपथ घेतली होती की आपल्या मुलाला कधी मारायचं नाही, आणि सहा वर्षं तिनं ती पाळली. मग एका ऑक्टोबरात, महिना संपायला पाच दिवस असताना, कोल्बीच्या हातून दुधाचा मोठा डबा जमिनीवर पडला. घरात तेवढंच दूध होतं. शार्लीननं मला उचललं. नेमक्या तीन वेळा.

दुसऱ्या दिवशी शाळेत कवायतीच्या वेळी बाईंना त्याच्या पायावरचा लांब वळ दिसला. शार्लीन म्हणाली, "हीटरवर पडला." कोल्बीही तेच म्हणाला, कारण सकाळी बूट घालताना आईनं त्याला ते शिकवलं होतं. कुणाला ते पटलं नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्यानं कोल्बीला एका परक्या कुटुंबात सांभाळायला ठेवलं. न्यायाधीशांनी शार्लीनला सांगितलं, पालकांच्या गटात बारा मंगळवार पूर्ण कर, तसा कागद आण, मग मुलाचं बघू. ती घरी आली आणि दिवा न लावता बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिली.

हा गट याच चर्चच्या तळघरात ओडेसा पेटवे चालवायच्या. सगळे त्यांना मिस ओडेसा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक केला होता. त्यांच्याकडे फळा नव्हता आणि व्याख्यानही नव्हतं. संध्याकाळी सहाला त्या मॅकरोनी, घेवडा आणि मक्याचा पाव मांडत. मुलं पलीकडच्या खोलीत खेळत. कुणी वही काढलीच तर मिस ओडेसा म्हणत, "ती मिट आणि जेव आधी. उपाशी पोटी मला माझं नाव आठवत नाही, तुला काय शिकवू?"

पहिल्या मंगळवारी यायच्या आधी त्यांनी सगळ्यांना एक निरोप धाडला होता: लहानपणी तुम्हाला ज्या वस्तूनं मार बसायचा, ती घरात असेल तर घेऊन या. शार्लीन मला पिशवीत घालून घेऊन आली. टेबलावर माझ्या शेजारी एक पट्टा, एक माशीमार आणि एक रबरी चप्पल होती.

चप्पल मारिसोल नावाच्या एका आईची. ती म्हणाली, "ही माझ्या आईची. तिचा नेम काय सांगू? मी जिना उतरून वळले तरी चप्पल वळून मागे यायची."

पट्टा डेल्बर्टचा. हा साठीचा वेल्डर होता, काम सुटलेलं, दोन नाती पदरात. तो म्हणाला, "मिस ओडेसा, पट्टा ठेवून घ्या. फक्त मग मला घरी जाताना पँट हातानं धरून जावं लागेल."

"ने बाबा तुझा तू," मिस ओडेसा म्हणाल्या. "इथं बायाबापड्या बसल्यात."

माशीमार तिथल्या स्वयंपाकघरात हवाच होता. चप्पल मारिसोलनं पायात घातली. राहता राहिलो मी. मिस ओडेसांनी मला उचललं आणि शार्लीनला विचारलं, "हा कुणाचा?"

"माझ्या आईचा," शार्लीन म्हणाली. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिला आणि मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही.

त्या दिवसापासून मला नवं काम लागलं. मी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ओव्हनचं घड्याळ तीन मिनिटांवर लावलेलं असे. बोलायचं नसेल तर मला धरून गप्प बसायचं, पण घड्याळ वाजायच्या आत पुढे द्यायचं नाही. बाराव्या मंगळवारी ज्याची वस्तू त्याला परत मिळणार होती. प्रश्न दर वेळी एकच असे. "या आठवड्यात हात उचलावासा कधी वाटला, आणि मग काय केलंत?"

डेल्बर्टनं सांगितलं की तो अंगणात जाऊन पंक्चर झालेल्या व्हॅनला शिव्या देतो. "व्हॅन आता माझ्याशी बोलत नाही, पण नाती बोलतात." मारिसोल नळाखाली थंड पाण्यात हात धरायची. "पाण्याचं बिल वाढलंय," ती म्हणाली, "पण पोरगी शहाणी झाल्यासारखी वाटते. का मीच झाले, कोण जाणे." लोक हसत, मग एखादा हसता हसता रडू लागे. मी हातोहात फिरत असे. इतकी वर्षं मला लोकांनी हिसकावून उचललं होतं. आता कुणी हळू धरत होतं. मला ते आवडलं हे लपवत नाही.

शार्लीन मात्र अकरा मंगळवार गप्प बसली. मला मांडीवर आडवा ठेवायची आणि चिरेवरून अंगठा फिरवत राहायची. घड्याळ वाजलं की मला पुढे द्यायची. मिस ओडेसांनी तिला कधी टोचलं नाही. एकदा फक्त ताट उचलताना म्हणाल्या, "पोरी, भात कच्चा राहिला तर झाकण काढून बघावं लागतं." शार्लीन म्हणाली, "हो, मिस ओडेसा," आणि कोट घालून निघून गेली.

बारावा मंगळवार घरच्यांचा असतो. त्या दिवशी मुलंही मोठ्यांबरोबर जेवतात. काउंटीच्या ब्रँटबाई कोल्बीला घेऊन आल्या. पाच महिन्यांत तो दोन बोटं उंच झाला होता, आणि केस कुणीतरी वेगळेच कापले होते. शार्लीननं त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. न्यायालयासाठीचा कागद मिस ओडेसांच्या टेबलावर सही होऊन पडला होता. तिला फक्त तो दीड तास काढायचा होता.

मग मिस ओडेसांच्या हातून एक चूक झाली. त्यांचा माझ्यावर फार विश्वास बसला होता. त्या कोल्बीपुढे गुडघ्यांवर बसल्या आणि मला त्याच्या हातात देत प्रेमानं म्हणाल्या, "बाळा, आमच्याकडे हा चमचा ज्याच्याकडे, त्याचं सगळे ऐकतात. आज पहिली पाळी तुझी. तुला सांगावंसं वाटेल ते सांग."

कोल्बीनं मला ओळखलं. त्यानं आईकडे पाहिलं, ब्रँटबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कुणीही काही विचारलेलं नसताना, कविता म्हणावी तसा तो म्हणाला, "मी पडलो होतो. हीटरवर पडलो होतो. आईनं काही नाही केलं."

मारिसोलनं हातातला पाव ताटात ठेवला.

"तो पडला नव्हता," शार्लीन म्हणाली.

डेल्बर्ट सवयीनं बोलून गेला, "चमचा पोराकडे आहे गं." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली.

कोल्बी उठला, आईपाशी गेला आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. मला पटकन सोडून त्यानं हात पँटला पुसले.

शार्लीननं मला या वेळी आडवं ठेवलं नाही. दोन्ही हातांनी उभं धरलं. "यानं मी त्याला मारलं," ती म्हणाली. "दूध सांडलं म्हणून. तीन वेळा. आणि सकाळी त्याला खोटं बोलायला शिकवलं. मला वाटलं, खरं बोलले तर तो मला कधीच मिळणार नाही. तो पाच महिने परक्या घरात माझं खोटं सांभाळत बसलाय. सहा वर्षांचं पोर." तिनं ब्रँटबाईंकडे वळून सांगितलं, "हे लिहून घ्या. आणि तो खोटारडा नाही, हेही लिहा."

ब्रँटबाईंनी लिहून घेतलं. ओव्हनचं घड्याळ वाजलं, आणि ते बंद करायला कुणी उठलं नाही.

मिस ओडेसा खाली बसलेल्याच होत्या. त्या कोल्बीला म्हणाल्या, "बाळा, मी चुकले. तुझ्या हातात काय देतेय ते मी आधी विचारायला हवं होतं." मोठी माणसं लहानांची माफी मागताना मी तोवर पाहिली नव्हती. कोल्बीनंही पाहिली नसावी, कारण तो त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

निघताना, ठरल्याप्रमाणे, मिस ओडेसांनी मला शार्लीनपुढे धरलं. "तुझी वस्तू आहे. काय करायचं ते तू सांग."

शार्लीन काही म्हणायच्या आत कोल्बी म्हणाला, "हा घरी न्यायचा नाही."

एवढंच तो म्हणाला. त्याच्या हातात मी नव्हतो, तरी सगळ्यांनी ऐकलं.

"नाही नेणार," शार्लीन म्हणाली. त्या संध्याकाळी तो तिच्याबरोबर घरी गेला नाही. ब्रँटबाईंनी त्याला गाडीत बसवलं आणि शार्लीन बसथांब्यावर एकटी उभी राहिली. तिच्या बोलण्यामुळे सुनावणी लांबली. न्यायाधीशांनी आणखी बारा मंगळवार सांगितले. ती सगळ्या बारा मंगळवारी आली आणि प्रत्येक वेळी बोलली. शाळा सुटायच्या सुमारास, जूनमध्ये, कोल्बी घरी गेला. डेल्बर्टनं त्याच्यासाठी दुधाचा डबा नेला होता. मिस ओडेसांनी डेल्बर्टला विनोद कुठं करावा हे शिकवायचा प्रयत्न सोडून दिला.

त्यानंतर मी पुष्कळ हातांतून फिरलो. पण मिस ओडेसांनी नियम बदलला. मला मुलांच्या हातात कधी दिलं नाही, आणि नव्या माणसाला द्यायच्या आधी त्या माझी हकिगत सांगत, कुणाचंही नाव न घेता. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि जिना उतरवेना. आता गट एक तरुण मुलगी चालवते. तिच्याकडे मऊ निळा चेंडू आहे. तो चांगला आहे, त्याला मागचं काही नाही. मला तिनं पुसून खणात ठेवलं. आठवण कुणी काढत नाही. थोडं वाईट वाटतं, पण फार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. माझी विनवणी उलटी आहे. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल, चमचा, पट्टी, चप्पल, काहीही. तो काय करतो ते फक्त तुम्हाला आणि त्यालाच ठाऊक असेल. त्याला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

आणि कधी हा खण उघडलात, तर मला खुशाल हातात घ्या. चिरेवरून अंगठा फिरवा. फक्त मला घरी नेऊ नका.